आस्लाकचे बैल

टोर्केल दाढी करून आला, तेव्हाच सिग्नीला संशय आला. शेजारचा हा सडाफटिंग माणूस नाताळाखेरीज तोंडाला वस्तरा लावत नसे. आज मात्र हनुवटीवर ताजं कापलेलं, अंगात धुतलेला सदरा आणि हातात लोण्याचा गोळा, तोही वर नक्षी उठवलेला. खाटेवर उशांना टेकून बसलेल्या आस्लाककडे, म्हणजे सिग्नीच्या नवऱ्याकडे, त्याने एकदाच पाहिलं आणि मग तो चुलीकडेच बघत राहिला.

"बसा की," सिग्नी म्हणाली. "कॉफी ठेवते. लोणी कशाला आणलंत? आमची गाय आटली नाही अजून."

"नाही, आपलं सहज," टोर्केल म्हणाला. "मुलं बरी आहेत ना? ते एक सांगायचं राहिलं वहिनी, घरात खाली फळ्या ठोकून घेतोय या महिन्यात. ओल येत नाही मग."

"बरं मग?"

टोर्केलचे कान लाल झाले. कॉफी तशीच टाकून तो उठला, दाराच्या चौकटीवर डोकं आपटून घेतलं आणि चालता झाला.

सिग्नीने लोण्याचा गोळा उचलून फडताळात ढकलला. "आस्लाक, काय बोललास तू त्याला?"

आस्लाकला खोकल्याची उबळ आली. अर्धी खरी होती आणि अर्धी वेळ मारून नेण्यापुरती, हे इतक्या वर्षांच्या बायकोला न कळायला काय झालं? ती कमरेवर हात ठेवून उबळ संपायची वाट बघत उभी राहिली.

"मी गेल्यावर कुणीतरी हवा तुला," तो शेवटी म्हणाला. "टोर्केल पीत नाही. जनावरावर हात उगारत नाही. त्याचं रान आपल्या रानाला लागून आहे."

"म्हणजे मला देऊनच टाकलंस. गाय देतात तशी. दावं पण दिलंस का बरोबर?"

"असं काय करतेस? सगळ्याची सोय लावायला नको का?"

सोय लावण्यात आस्लाक हयगय करणारा नव्हता. डॉक्टरने सांगायची गरज नव्हती, रुमालावर रक्त दिसतच होतं. तेव्हा त्याने शवपेटीच्या फळ्या कापून, रंधा मारून माळ्यावर ठेवल्या होत्या. मयताला येणाऱ्यांना बिअर पाजावी लागते, त्यासाठी जव भिजवून, मोड आणून, वाळवून पोतं शिवलं होतं, म्हणजे आस्लाककडून माणसं कोरड्या घशाने परतली असं अमेरिकेतल्या या मिनेसोटात एकाही नॉर्वेजियनाने म्हणू नये. सगळं ठरवून झालं होतं. बायकोला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

आणि खरं भय होतं ते जमिनीचं. सरकारने ती फुकट दिली होती, पण पाच वर्षं तिच्यावर राहायचं आणि ती कसायची, मगच ती नावावर होणार. चौथं वर्ष चालू होतं. घरधनी मेला तर विधवेला मुदत पुरी करता येई, पण जमीन पडीक दिसली की टपलेले दुसरे होतेच. जमीन गेली तर पोरगी लिव्ह आणि धाकटा ओलाव लोकांच्या घरी चाकरीला जाणार. तिकडे नॉर्वेत, टेलेमार्कात, आस्लाक कूळ होता, त्याचा बाप कूळ होता आणि आजाही. मालकाच्या रिकाम्या घरावरून जातानासुद्धा ते डोक्यावरची टोपी काढत. पोरांच्या टोप्या डोक्यावर राहाव्यात म्हणून तर तो समुद्रभर ओकत इथे आला होता.

सिग्नीला हे सगळं ठाऊक होतं. म्हणूनच तिला जास्त राग आला.

"मी नांगरीन," ती म्हणाली.

आस्लाक हसला. "तू? बैल ऐकतील तुझं?"

बैलांची गोष्टच वेगळी होती. अमेरिकेत आल्यावर आस्लाकने जोडी घेतली आणि एकाला टेलेमार्कातल्या मालकाचं नाव दिलं, निल्स, दुसऱ्याला मालकाच्या मेव्हण्याचं, येन्स. का, तर दोघांना दिवसभर मनसोक्त शिव्या देता याव्यात. "ऊठ रे निल्स, आयतखाऊ! येन्स, ढेरपोट्या, ओढ!" चार वर्षं हेच ऐकून बैल तयार झाले होते. गोड बोललं की ते जागचे हलत नसत आणि चाबकाला दाद देत नसत. टोर्केलने एकदा जोडी उसनी नेली होती. दुपारीच परत आणून बांधली आणि पुन्हा कधी मागितली नाही.

सिग्नी तर देवभोळी बाई. घरात वाईट शब्द खपवून घेत नसे. लग्नाआधी ती त्याच मालकाच्या गोठ्यात दूध काढायला होती आणि तिथे आवाज चढवायची सवय कुणालाच लागत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने खुर्ची रानाच्या कडेला नेऊन ठेवली, नवऱ्याला गोधडीत गुंडाळून तिच्यात बसवलं आणि बैल जुंपले.

"चल निल्स," ती म्हणाली. "चल माझ्या राजा."

दोन्ही बैलांनी मान वळवून आस्लाककडे पाहिलं.

"राजा?" आस्लाक खुर्चीतून ओरडला. "त्याला राजा म्हणतेस? शिवी दे!"

"मला येत नाही."

"काल टोर्केलवरून तोंड टाकलंस ते?"

"ते त्याच्यावर नव्हतं. तुझ्यावर होतं."

"मग मला दे!"

सिग्नीने नांगराची मूठ धरली. तिला वाटलं, आता एक शब्दही फुटणार नाही. आणि मग जे फुटलं ते थांबेना. "निलाजऱ्या! मला विचारलंस का कधी? इकडे यायचं, तू ठरवलंस! बोटीत चढवलंस, गवताच्या या समुद्रात आणून टाकलंस, आणि आता दोन पोरं माझ्या पदरात घालून मरायला निघालास, कामचुकार मेल्या! जाताना मला वाटून टाकतोस!"

निल्सने कान टवकारले. येन्सने मान खाली घातली. जू करकरलं आणि नांगर चालू लागला. सिग्नी रडत, ठेचकाळत त्याच्यामागे ओढली गेली. नांगराचं तास वाकडंतिकडं पडलं, पण पडलं. मागे खुर्चीत आस्लाक हसत होता की खोकत होता, तिला कळलं नाही.

त्यानंतर ती रोज नांगरू लागली. फाळ किती खोल घालायचा, वळणावर कुठल्या बैलाला आधी हाक द्यायची, हे तो खुर्चीतून सांगे. टोर्केलला तिने निरोप धाडला की लोणी छान होतं, फाळाला धार लावून दिलीत तर जास्त छान होईल. तो बिचारा धार लावून देऊ लागला. दाढी पुन्हा वाढली.

बैलांची एक खोड मात्र जाईना. तास संपलं की ते मान वळवून खुर्चीकडे बघायचे आणि आस्लाकने हात हलवल्यावरच पुढचं तास धरायचे. पेरण्या उरकता उरकता एका दिवशी ते वळले, थांबले नाहीत, सिग्नीच्या हाकेसरशी पुढे निघाले. ती दमून बांधावर आली तेव्हा आस्लाक बैलांकडेच बघत होता.

"बघितलंस?" तो म्हणाला. "माझ्याकडे बघितलं नाही त्यांनी." त्याला आनंद झाला होता आणि वाईटही वाटलं होतं, दोन्ही लपवता येत नव्हतं. "गद्दार लेकाचे."

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, खुर्ची नको आज.

गहू पिवळा पडत असताना तो गेला. फळ्या माळ्यावरून खाली आल्या, बिअर गाळली गेली. आसपासची सगळी नॉर्वेजियन माणसं जमली. पेटी निल्स-येन्सच्या गाडीवर चढवली, दफनभूमी टेकडीपलीकडे होती. रीतीप्रमाणे सिग्नी मुलांना घेऊन मागे बायकांत उभी राहिली आणि गाडीपुढे टोर्केल.

"चला रे," टोर्केल हळूच म्हणाला. "चला बाबांनो."

बैल उभेच. त्याने जू ओढून पाहिलं, निल्सच्या पाठीवर थोपटून पाहिलं. भजनाचं पुस्तक उघडून उभे असलेले प्रवचनकार खाकरले. लोक एकमेकांकडे बघू लागले. या जोडीवर या बाईची जमीन कशी टिकणार, हा विचार तिथल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या तोंडावर सिग्नीला दिसला. ओलावचा हात लिव्हच्या हातात देऊन ती पुढे आली.

"वहिनी, आज नको," टोर्केल कुजबुजला. "मयताची गाडी आहे. लोक काय म्हणतील?"

सिग्नीने काळा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधला.

"ऊठ रे निल्स, आयतखाऊ!" पहिल्याच शब्दाला तिचा आवाज फाटला. ती पुन्हा ओरडली. "उभा काय राहिलास? ओढ! तुझा मालक बसलाय वर!"

प्रवचनकारांनी पुस्तक मिटलं. गाडी हलली. टोर्केलने बाजूला होऊन डोक्यावरची टोपी काढली. टेकडी चढेपर्यंत भजन कुणी सुरू केलं नाही. पुढून फक्त सिग्नीच्या शिव्या ऐकू येत होत्या.