मी अडतो ती जागा

मी एक लाकडी नमुना आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. कपाटात पडून असणाऱ्या वस्तूला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. वाळवीची नाही हो, भंगारवाल्याचीही नाही. मला माणसांची भीती वाटायची. माणसं माझ्याकडे बघून शिकायची, आणि त्यांना जे सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं तेच माझ्या तोंडून निघत नव्हतं.

माझं अंग साधं आहे. एक उभी फळी. तिच्यावर एकाच उंचीवर, हातभर अंतराने दोन पितळी खिळे. प्रत्येक खिळ्यावर वीतभर लांबीची एकेक दांडी गोल फिरते. दोन्ही दांड्यांची टोकं एका आडव्या पट्टीने जोडलेली, आणि ती पट्टी बरोब्बर त्या दोन खिळ्यांमधल्या अंतराएवढी लांब. डाव्या दांडीला मूठ आहे. मूठ फिरवली की डावी दांडी फिरते, पट्टीला ओढते, आणि पट्टी उजव्या दांडीला सोबत घेऊन जाते. दांड्या कितीही फिरल्या तरी पट्टी आपली जमिनीला समांतरच राहते. फळी धरून चार भाग होतात, म्हणून मला चार दांड्यांची यंत्रणा म्हणतात. असं भारदस्त नाव मिळाल्यावर कुणालाही बरं वाटेल. मलाही वाटलं, थोडे दिवस.

माझा जन्म १९६८ सालचा, दिल्लीतल्या एका सरकारी पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमधला. दत्तात्रय सोहोनी तिथे यंत्रांची गती हा विषय शिकवायचे. त्यांनी मला कागदावर काढलं आणि दीनानाथ सुतारांनी शिसवीत घडवलं. दीनानाथ कमी बोलायचे, पण हात फार जाणता. त्यांनी मला पहिल्यांदा फिरवलं आणि थबकले.

"साहब, यहाँ अटक रहा है. छोड़ दो तो उलटा घूम जाता है."

खरं होतं ते. दांड्या आडव्या झाल्या की पट्टीही त्यांच्याच रेषेत येते. सगळं एका ओळीत. त्या क्षणी डावी दांडी ढकलत असते, पण उजवीला कळत नाही, आता वर जायचं की खाली. कधी ती नीट पुढे जाते, कधी उलटी फिरते. उलटी फिरली की पट्टी तिरपी होऊन मला कात्रीसारखी फुली पडते. शिकलेले लोक त्या जागेला मृतबिंदू म्हणतात.

सोहोनी सरांनी तिथे उजव्या हाताचा अंगठा लावला, दांडीला जरासं वर ढकललं, आणि मी सुरळीत पुढे गेलो. "हाथ लगा देंगे थोड़ा," सर म्हणाले. दीनानाथांनी मान डोलावली. साहेबांपुढे सुतार आणखी काय बोलणार?

तो अंगठा मग एकोणीस वर्षं तिथेच राहिला. सर शिकवायचे छान. माझ्या पट्टीवर खडू उभा करायचे आणि मूठ फिरवायचे. "देखिए, खड़ा है कि नहीं?" खडू पुऱ्या फेरीत पडायचा नाही. मुलं वहीत आकृती काढायची. अंगठा आकृतीत कुणीच काढला नाही, कारण तो कुणाला दिसलाच नाही. खरं सांगू? पुढे पुढे तो सरांनाही दिसेनासा झाला. पुस्तकात मृतबिंदूवर एक परिच्छेद होता. पहिल्या वर्षी सरांनी तो नीट शिकवला, मग तास कमी पडायला लागले, मग "घर पे पढ़ लेना" सुरू झालं. घरी कोण वाचतंय!

दर जूनमध्ये एक तुकडी बाहेर पडायची. माझा जीव टांगणीला लागायचा. यातला एखादा मला मोठा करून लोखंडात बनवेल, त्याच्यावर ओझं ठेवेल, माणूस ठेवेल, आणि तिथे सरांचा अंगठा नसेल. हा विचार एकदा डोक्यात शिरला तो काही केल्या निघेना.

सरांचं घर सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. क्वार्टर त्यांच्या बायकोच्या, लताताईंच्या नावावर, त्या मंत्रालयात नोकरीला होत्या. सुट्ट्यांत मी त्या घरी असायचो. त्यांची मुलगी सुनीती माझ्याशी खेळतच मोठी झाली, आणि बापासारखाच अंगठा लावत. १९८७ साली ती मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होती, आणि त्या वर्षी कॉलनीतल्या मराठी मंडळींनी गणपतीत हलता देखावा करायचा ठरवलं. पुण्याला असतो तसा, बिल्कुल तसा. देखावा कसला, तर पुष्पक विमान. राम पुठ्ठ्याचा, पण सीता जिवंत हवी, असा सगळ्यांचा आग्रह. शेजारचे विलासकाका मंडळाचे कार्यकर्ते. त्यांची सहा वर्षांची अलकनंदा सीता होणार होती.

विमान सुनीतीने बनवलं. कशावरून बनवलं, ते सांगायला नकोच. तिने मला जमिनीवर ठेवून मापं घेतली आणि माझ्या हाडाचं न हाड लोखंडी पाइपांत उतरवलं. दांड्या चार-चार फुटी. आडव्या पट्टीच्या जागी विमान. डाव्या दांडीला सायकलची चेन आणि हाताने फिरवायचं चाक. खालचे खांब पुरुषभर उंच. विमान वर दहा फुटांपर्यंत जाणार. खाली सिमेंटचा कट्टा. मला तर दरदरून घाम फुटला असता, लाकडाला फुटत असता तर.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी मांडवात रंगीत तालीम होती. सर खुर्ची टाकून बघत बसले होते. विलासकाकांना जरा धाकधूक होती.

"सुनीती, विमान कलणार तर नाही ना, यार? पोर आहे आत."

"काका, कलणं शक्यच नाही," सुनीती म्हणाली. तिने मला टेबलावर ठेवलं, पट्टीवर खडू उभा केला आणि मूठ फिरवली. अंगठा आपसूक उजव्या दांडीशी गेला. खडू ढिम्म. "बघा. आणि काल तुमच्यासमोर रिकामं विमान चार वेळा फिरवलं की."

काकांचं समाधान झालं. सीतेचं लुगडं नेसलेली अलका टेबलाशी आली. "मी घुमवू?" दिल्लीत वाढलेली पोर, फिरवणं तिच्या तोंडी नाहीच. तिने दोन्ही हातांनी मूठ धरली आणि फिरवली.

नुसती मूठ. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला नुसत्या मुठीने फिरवत होतं. दांड्या आडव्या झाल्या. उजवी अडखळली, मागे फिरली. पट्टी तिरपी झाली आणि खडू टेबलावरून घरंगळत खाली पडून तुटला.

मला वाटलं, सुटलो. आता सगळ्यांना कळलं.

कसलं काय! विलासकाका हसले. "म्हातारा झालाय तुमचा नमुना." आणि सुनीती अलकाच्या हातून मूठ घेत प्रेमाने म्हणाली, "अगं, नुसती मूठ नाही फिरवायची. इथे बोट लावायचं असतं."

काकांनी अलकाला काखेत धरून उचललं. विमान खाली टेकलं होतं, ते तिला आत बसवायला वाकले. मी टेबलावर फुली पडलेल्या अंगाने नुसता बघत होतो. भीतीने जीव जातो म्हणतात, माझा गेला नाही. गेला असता तर फार बरं झालं असतं, असं त्या वेळी वाटलं.

"विलासराव, तिला खाली ठेवा." सर उठून उभे राहिले होते. "सुनीती, विमानाला बोट कोण लावणार?"

"कसलं बोट, बाबा?"

"आत्ता तूच म्हणालीस. इथे बोट लावायचं असतं. तिथे वर कोण लावणार?"

सुनीतीने आपल्या अंगठ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "काल फिरवताना मी विमानाला हाताने आधार देत होते."

सरांनी अलकाच्या जागी राशनच्या गव्हाचं पोतं ठेवायला लावलं, साधारण तिच्याच वजनाचं. सगळ्यांना लांब उभं केलं आणि काकांना चाक फिरवायला सांगितलं. विमान उचललं गेलं. दांड्या आडव्या झाल्या. रिकामं असताना सुनीतीच्या हातावर निभावलं होतं, आता ओझ्याने उजवी दांडी खाली ओढली गेली. डावी वर, उजवी खाली. विमान एका बाजूने कोसळलं आणि पोतं डोक्याएवढ्या उंचीवरून कट्ट्यावर आपटून फुटलं. गहू पार मांडवाच्या दारापर्यंत उधळले.

विलासकाकांनी अलकाला इतकं घट्ट धरलं होतं की ती कुरकुरायला लागली.

विमान दुरुस्त झालं म्हणा. रेल्वेच्या इंजिनाच्या दोन बाजूंचे दांडे एकमेकांशी काटकोनात बसवलेले असतात, म्हणजे एक बाजू अडते तेव्हा दुसरी तिला पुढे काढते. तशी दांड्यांची दुसरी जोडी सुनीतीने एका रात्रीत लावली. तरी सरांनी सीता पुठ्ठ्याचीच ठेवायला लावली. लोकांनी देखाव्याचं कौतुक केलं. सर मात्र आरतीलाही आले नाहीत. ते घरी बसून जुन्या हजेरीपटांतून नावं उतरवत होते.

एकोणीस तुकड्या. पत्ते मिळाले शंभर-सव्वाशे. प्रत्येकाला एक कार्ड गेलं, लताताई पत्ते घालायच्या, मजकूर सर स्वतः लिहायचे. मी समोरच होतो, मला तो पाठ आहे. 'हा नमुना फिरवताना मी उजव्या दांडीला अंगठा लावत असे. ती आपोआप पुढे जात नाही. या पद्धतीचं काही बनवलं असल्यास कृपया ताबडतोब थांबवा आणि मला कळवा.'

उत्तरं येऊ लागली. एक जण बँकेत लागला होता, एकाने लग्नाची पत्रिका पाठवली, एकाने विचारलं, सर तब्येत बरी आहे ना. प्रत्येक उत्तर वाचून सर थोडा श्वास सोडायचे. मीही.

दिवाळीनंतर फरीदाबादहून एक आलं. '७५ च्या तुकडीतला गुणवंत तायडे. 'सर, कार्ड मिळालं. एकदा येऊन जा. नमुना सोबत आणा.' बस्स, एवढंच.

रविवारी दुपारी सरांनी मला पिशवीत घातलं आणि बस पकडली. वाटभर त्यांचा हात पिशवीवर होता.

गुणवंतचं बटणं आणि दोऱ्यांचं छोटं दुकान होतं. इंजिनियरचं बटणांचं दुकान! सरांनी विचारायच्या आतच त्याने सांगून टाकलं. कारखान्यात असताना त्याने पत्र्यांचे गठ्ठे वर उचलणारी फळी बनवली होती, माझ्याच धर्तीची. १९८० साली ती उलटली. खाली शांताराम नावाचा कामगार होता, त्याचा पाय गेला. मालकाने गुणवंतला ठेवून घेतलं असतं, यानेच नोकरी सोडली.

"मी वही काढून बघितली, सर. तुमची आकृती होती. सगळं बरोबर होतं. म्हणजे बनवताना माझंच काहीतरी चुकलं. सात वर्षं वही बघतोय, काय चुकलं ते सापडत नाही."

सरांनी मला काउंटरवर ठेवलं. गुणवंतने मूठ फिरवली. मी अडलो, आणि मला फुली पडली. त्याने पुन्हा फिरवली. पुन्हा तेच.

"सर, हा तर अडतो."

"पहिल्या दिवसापासून. मी अंगठा लावायचो."

"म्हणजे माझं चुकलं नव्हतं?"

"नाही. माझं चुकलं होतं."

गुणवंतने बटणांचे उघडे डबे एकेक करून बंद केले. माफ केलं, असं तो म्हणाला नाही. सरांनीही ते मागितलं नाही. मग तो म्हणाला, "शांताराम पाचला चहाला येतो. रोज येतो. थांबता का?"

सर थांबले. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. तेवढा वेळ मी कधी विसरणार नाही.

शांताराम कुबडीवर आला. गुणवंतने त्याला स्टूल दिलं, आणि सरांनी त्याला सगळं सांगितलं, काही न लपवता. त्याने मला मांडीवर घेतलं. एका हाताने मूठ हळूहळू फिरवली. दांड्या आडव्या आल्या तिथे थांबला, जरासा मागे आला, जरासा पुढे गेला. ती सगळी जागा बोटाच्या पेराएवढीही नाही. त्याने ती चिमटीत धरून बघितली.

"एवढीशी?" तो सरांना म्हणाला.



तेव्हापासून मी त्या दुकानातच आहे. सर मला परत न्यायला तयार नव्हते आणि गुणवंतने जा म्हटलं नाही. आता माझे खिळे सैल झालेत, शिसव काळवंडलीय, फार दिवस चालेन असं वाटत नाही. बटणं घ्यायला आलेले लोक सहज मला फिरवून बघतात. बाबांनो, माझ्यासारखं काही हातात आलं तर दुसरा हात पाठीमागे ठेवा. मला अडू द्या, चारचौघांत अडू द्या, हसतील ते हसू देत. शांतारामने विचारलेलं मला पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकायचं नाही.