मशीनची पिल्लं

अंजुम चंद्रपूरच्या एका हॅचरीत कामाला होती. अंड्यांचे ट्रे मशीनमध्ये लावायचे, आतली ऊब आणि ओल सांभाळायची, हे तिचं काम. मशीन ठरल्या वेळी ट्रे एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर कलवायचं, नाहीतर आतला जीव कवचाला चिकटतो. तीन आठवडे भरले की दार उघडायचं आणि पिवळा चिवचिवाट बाहेर यायचा. इतकी पिल्लं तिच्या हातून गेली, पण ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या अंजुमनं अंड्यांवर बसलेली कोंबडी कधी पाहिली नव्हती.

जानेवारीत धानोऱ्याकडच्या एका गावातल्या बचत गटानं पिल्लं मागवली. ती कशी जगवायची हे दाखवायला अंजुम सोबत गेली. ड्रायव्हर लियाकतभाऊंनी तिला आणि खोक्यांना गटातल्या गुणाबाईच्या अंगणात उतरवलं, आणि उद्या न्यायला येतो म्हणून ते पुढच्या गावी गेले.

गुणाबाईनं पडवीत पत्र्याचं गोल कुंपण करून ठेवलं होतं. खाली धानाचा कोंडा, वर बल्ब. अंजुमनं बायांना सांगितलं की पिल्लं दूर पळाली तर ऊब जास्त, ढीग करून बसली तर कमी, आणि सगळीकडे पसरली तर बरोबर. पिल्लं छान पसरली होती. बाया हसत घरी गेल्या.

दिवस कलला, मोहाच्या झाडांमधून धुकं सरकत अंगणात आलं, आणि लाईट गेली.

पिल्लं एकमेकांवर चढू लागली. गुणाबाईनं चुलीतले निखारे मडक्यात भरले, वर राख टाकली आणि मडकं मधोमध ठेवलं. बरीचशी पिल्लं त्याच्याभोवती सरकली. पण सात-आठ दुबळी बाजूलाच पडून राहिली. अंजुमनं एक तळहातावर घेतलं. त्याचे पाय गार होते.

घराच्या कोपऱ्यात टोपलीत गुणाबाईची तांबडी कोंबडी खुडूक बसली होती, तिची अंडी फुटायला आलेली. ही पिल्लं तिच्याखाली सारू, असं गुणाबाई म्हणाली. अंजुमनं मान हलवली. बाहेरच्या कोंबडीजवळ पिल्लं न्यायची नाहीत, मानमोडीचा रोग लागला तर सगळा घोळका जातो, हे तिला पहिल्याच दिवशी शिकवलेलं होतं. गुणाबाईनं सांगितलं की कोंबडीला लस दिलेली आहे. तरी अंजुमचा हात पुढे होईना. परकी पिल्लं ओळखून कोंबडीनं टोचली तर?

"काऊन भिऊन राह्यली, पोरी?" गुणाबाई हळूच म्हणाली. "तिले मोजता येत नाई."

अंजुमनं पिल्लू कोंबडीच्या पोटाखाली सारलं. आत पिसं नव्हती, नुसती उघडी, तापलेली कातडी होती, आणि तिच्यामागे भरभर चालणारं काळीज. कोंबडीनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि अंग थोडं सैल केलं. बाकीचीही एकेक करून आत गेली.

मग कोंबडी घशातल्या घशात काहीतरी बोलली. आणि खालून, बंद अंड्यातून, बारीक उत्तर आलं.

अंजुम टोपलीशेजारी चटईवर कान लावून आडवी झाली. मशीनच्या पंख्यांच्या घरघरीत हे कधी ऐकू आलंच नव्हतं. कोंबडी बोलायची, अंडं उत्तर द्यायचं. मध्येच ती चोचीनं एखादं अंडं कलवायची. राखेचा वास, धुकं, ते बोलणं सगळं एक झालं. आपणही कुठल्यातरी उबेत बसलो आहोत आणि बाहेरून कोणी हाक देतंय, असं तिला वाटत राहिलं. डोळा कधी लागला ते कळलं नाही.

सकाळी पंखांतून एक पिवळं डोकं बाहेर आलं. त्याच्या बाजूला दुसरं, ओलं, तपकिरी पट्ट्यांचं. मशीनच्या पिल्लांपैकी दोन मात्र गेली होती. अंजुमनं ती स्वतः मोहाखाली पुरली. टोपलीतली पिल्लं काही आठवडे पडवीतल्यांत मिसळायची नाहीत, असं तिनं गुणाबाईकडून कबूल करून घेतलं.

दुपारी गाडी आली तेव्हा पिवळी पिल्लं टोपलीबाहेर उन्हात उतरली होती. काही अंडी अजून फुटायची होती, म्हणून कोंबडीला उठता येत नव्हतं. ती नुसती हाक देत होती. पिवळी थबकली. मग एकामागून एक परत पंखाखाली शिरू लागली.

लियाकतभाऊंनी निघायचं का म्हणून विचारलं.

"थांबा ना थोडं, भाऊ," अंजुम म्हणाली. "एक अजून बाहेर हाये."