उन्हात वाळवलेला कडबा

मनिषा आणि तिचा नवरा प्रविण ऊसतोडीला निघाले, तेव्हा तांबड्या गाईचं दावं शेजारच्या सारजाबाईच्या हातात देऊन गेले.

"मावशी, गाभण हाय, सहावा महिना चालू हाय तिला. तुमच्या भरोशावर सोडते."

"बिनघोर जा," सारजाबाई म्हणाली.

यंदा सप्टेंबरभर पाऊस हटला नव्हता. सारजाबाईच्या गंजीवरची ताडपत्री फाटून पाणी पार आतल्या कडब्यापर्यंत मुरलं होतं. पेंढ्या उपसल्या तर काळ्या पडलेल्या, कुबट वासाच्या. तिनं त्या झटकून चार दिवस उन्हात टाकल्या. वास गेला. हिरवा घास थोडाच होता, तो दुभत्या म्हशीला घातला. गाईला कडबा. गाय काही दूध देत नव्हती.

महिन्याभरात गाय वैरणीला तोंड लावीना. मग एका सकाळी तिनं मेलेलं वासरू टाकलं. अंगावर धड केसही आले नव्हते त्याच्या.

तेलगावहून डॉक्टर आले. गाईची पापणी उलटली, आत पिवळंजर्द. त्यांनी एक पेंढी मोडून पाहिली.

"हे घातलं?"

"वाळवून घातलं, सायेब."

"बुरशी वाळते, बाई. तिचं विष वाळत न्हाई."

सलाईन लावलं. तिसऱ्या दिवशी गाय गेली.

गाय ओढून न्यायला आश्रुबा आला. पायाला दोर बांधता बांधता हळूच म्हणाला, "अक्का, पान लागलं म्हणून सांग. सापाला कोन जाब विचारतंय?"

सारजाबाईनं फोन लावला.

"मनिषा, गाय गेली गं. बुरशीचा कडबा मीच घातला."

पलीकडं ट्रॅक्टर घरघरत होता. मनिषा म्हणाली, "अन् तुमची म्हैस?"

"बरी हाय."

"तिला काय घालत होता?"

इथं खोटं बोलता आलं असतं.

"घास," सारजाबाई म्हणाली.

फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी तिनं अख्खी गंजी पेटवली. आतून ओली, दोन दिवस नुसती धुमसत राहिली. "उन्हाळ्यात म्हशीला काय घालशील?" आश्रुबानं विचारलं. ती काठीनं पेंढ्या उलटत राहिली.

मनिषाला तिनं तीनदा फोन लावला. चौथ्यांदा प्रविणनं उचलला.

"ती फडात हाय," तो म्हणाला. "मावशी, परत फोन करू नका."