पांढऱ्यावरचे उंचवटे

आर्डिथ पेनहॅलो यांनी चित्रातून घर, झाड, माणूस वगळून केवळ रंग ठेवले, तेव्हा अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर तसे कोणीच करत नव्हते. वयाच्या नव्वदीत त्यांची दृष्टी गेली. त्यानंतर ‘ओहोटी’ हे पांढरे चित्र त्या रोज बोटांनी पाहत. बाकीची चित्रे गुळगुळीत, बोटांना मुकी.

‘ओहोटी’वरचे टाचणीच्या डोक्याएवढे उंचवटे काढण्यासाठी, ते चित्र घेणाऱ्या संग्रहालयाने मला पाठवले. मी रसायनशास्त्रज्ञ. शिशाचा पांढरा रंग तेलाशी संयोग पावून कालांतराने साबणासारखे फोड आणतो.

“फोड तुमच्या नाकावर असतील,” आर्डिथबाई म्हणाल्या. “ती माझी वाळू आहे. ओल्या रंगात दाबलेली.”

“आत्या, परवा तांदूळ म्हणालीस,” शिंपल्यांचे सूप ढवळत भाची लोइस म्हणाली.

“तू सूप बघ.”

“तुमचे कोणते, दाखवा,” मी म्हणालो.

त्यांनी चित्राच्या मध्यावर बोट ठेवले. “हे माझं. कोपऱ्यातली ही खरूज मात्र काढून टाका.”

दोन्हीकडचे कण मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांनी ‘माझं’ म्हटलेले ते साबणाचे फोड निघाले. खरूज म्हटलेली ती समुद्राची वाळू. नमुन्यांच्या बशा बदलल्या असाव्यात म्हणून पुन्हा नवे कण घेतले. पुन्हा तेच. अंदाजाने बोलणारा कधीतरी बरोबर येतो. दोन्ही ठिकाणी नेमके उलटे सांगायला माहिती लागते. ती कोणती, हे मला आजही उमगलेले नाही.

मी निकाल सांगितला.

“म्हणजे मला आवडायचं ते मी केलंच नाही?”

“रंगाने केले.”

“रंग कुणी लावला?”

“तुम्ही. पण असे होईल हे ठाऊक नव्हते.”

“वाळूचं तरी काय होईल, कुठे ठाऊक होतं!”

लोइसने डाव खाली ठेवला. “संग्रहालयवाले म्हणतात, चित्रकाराचं ठेवा, बाकीचं काढा. मग आत्याला नको ते राहणार, आणि हवं ते जाणार?”

नियमाप्रमाणे तसेच. आर्डिथबाईंच्या शब्दाप्रमाणे वागावे, तर त्यांच्याच हातचे मी खरवडणार होतो.

त्यांनी कोपरा पुन्हा चाचपला. “हे माझं?”

“हो.”

“वाईट जमलंय.” त्यांनी कोपऱ्यावरून बोट फिरवले. “राहू द्या. हेही, आणि मधलंही.”

मी सुरी पेटीत ठेवली. संग्रहालयाला कारण काय सांगायचे, ते नंतर पाहू. त्यांचे बोट पुन्हा मध्याकडे सरकले, थबकले, कोपऱ्याकडे परतले.

“लोइस,” त्या म्हणाल्या, “सुपात टाकलंस ते मीठच आहे ना, वाळू नाही?”