तेहतीस लाख कोटी पाकळ्या

काचेच्या भांड्यात एक कांडी होती. कांडीच्या टोकावर पाच मिलिमीटर रुंदीचा काळा ठिपका आणि त्या ठिपक्यात पन्नास मायक्रोग्रॅम पूड: चाळीस कोळसा, दहा प्लॅटिनम. एक कण तीन नॅनोमीटरचा धरला, तर प्लॅटिनमचे कण तेहतीस लाख कोटी. सेजलने हिशेब दोनदा केला. तेहतीस कोटी देवांना वाटले तर प्रत्येकी एक लाख.

गोव्यातल्या तुयेच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या छोट्या प्रयोगशाळेत इंधनघटाच्या, म्हणजे फ्युएल सेलच्या, उत्प्रेरकाची परीक्षा चालली होती. विजेचा दाब तीस हजार वेळा चढवायचा आणि उतरवायचा. दर खेपेस थोडं प्लॅटिनम कोळशावरून सुटतं. शेवटी त्याच्या कामाच्या क्षेत्रफळातली घट चाळीस टक्क्यांच्या आत राहिली, तर प्रयोगशाळा तुयेत राहणार. नाहीतर ती पुण्याला जाणार, आणि सेजल कोरगावला घरी.

हे सगळं तिने लादी पुसायला येणाऱ्या सत्यवतीमावशीला सोपं करून सांगितलं. देवाच्या अंगावर पाकळ्या लावतात ना, तसे हे कण कोळशावर लावलेत. किती पडतात ते बघायचं.

मावशीने फडकं खाली ठेवलं. "म्हणजे कौल. उजवी खंय नि डावी खंय?"

सेजल घाईत होती. चाळीसच्या आत ती उजवी, म्हणजे होकार; चाळीसच्या वर ती डावी, म्हणजे नकार, असं ती बोलून गेली.

दुसऱ्या दिवशी दारात सात जण नारळ घेऊन उभे होते. कुणाला केरीच्या किनाऱ्यावर शॅक घालायचा होता, कुणाची सोयरीक अडली होती. दोडामार्गहून आलेल्या बाबलीचा टिपर डिचोलीच्या बंद खाणीवर दीड वर्ष उभा होता; विकू की ठेवू, हा त्याचा प्रश्न. चपला बाहेर काढा आणि यंत्राला हात लावू नका, एवढंच सेजल सांगू शकली. नारळ मात्र तिने वजन करून, नोंदवून टेबलावर दाबण म्हणून ठेवले, कारण टेबल कंप पावत होतं.

बावीस हजारांवर घट तेहतीस टक्के झाली. प्रमुख गुरुदास सर आले, आकडा बघून खूश झाले. इथेच थांबवू, म्हणाले, अहवाल सुंदर होईल. बावीस हजार काय कमी आहेत? सेजलने यंत्र बंद करायच्या बटणाकडे पाहिलं. तिची नोकरी त्या बटणापाशीच होती. सरांचा हात तिकडे गेला.

"सायबानू," बाबली दारातून म्हणाला, "कौल लावलो तो अर्ध्यार उठवूचो नसता. तुमी पेडण्याचे मां?"

सर पेडण्याचेच, कौल मानणाऱ्या घरातले होते. त्यांनी हात मागे घेतला, खिशात घातला, आणि जाताना चपला हातात घेऊन अनवाणी गेले.

उरलेल्या आठ हजार खेपांना तेरा तास वीस मिनिटं लागली. मध्येच मावशीने विचारलं, "बाय, तू काय विचारलंस?" सेजलने पुढची नोंद केली; ती करताना तिचे ओठ हलत होते.

तीस हजार पुरे झाले. मावशीसह आठही जण भिंतीला टेकून उभे राहिले. सेजलने मोजणी तीनदा केली, सरासरी काढली आणि मोठ्याने वाचली.

क्षेत्रफळातली घट: ३९.९ टक्के. मोजमापातली संभाव्य चूक: अधिक-उणे ०.४ टक्के.