गोकुळदासची बाटली

कमलाक्षीने बाटली उजेडासमोर धरली, खाली ठेवली, पुन्हा धरली. सकाळपासून हेच चाललं होतं. परवापर्यंत कोऱ्या चहासारखं तांबूस दिसणारं पाणी पांढुरकं झालं होतं आणि तळाशी साका बसला होता.

"काकी, इतक्यांदा बघून ती सुदारतली काय?" गौरेशने दारातून विचारलं. केरीतली ही कोळंबीची पिल्लं वाढवायची हॅचरी त्याची.

"बघतंय मां!" ती खेकसली. मालकावर खेकसायची मुभा असलेली ती एकटीच होती.

कोळंबीची पिल्लं समुद्रातलं डोळ्यांना न दिसणारं शेवाळ खातात. ते शेवाळ कमलाक्षी बाटल्यांत वाढवायची. मूळ बाटलीतलं थोडं काढून नव्या पाण्यात घालायचं, की ते पाणी चार दिवसांत तांबूस होई. ती याला विरजण लावणं म्हणायची. हॅचरी सुरू झाली तेव्हा त्या मूळ बाटलीचं पाणी तिच्या नवऱ्याने, गोकुळदासने, तेरेखोल नदीच्या मुखाजवळून होडीतून आणलं होतं. त्याच वर्षी कालवाची शिंप त्याच्या पायात घुसली. चिंधी बांधून तो कामाला गेला आणि आठवडाभरात जखमेचं विष अंगभर पसरून गेला. डॉक्टर म्हणाले, जंतू.

तेव्हापासून कमलाक्षीचं जंतूंशी हाडवैर. घरात येणाऱ्याने गुडघ्यापर्यंत पाय धुवायचे, मग तो पाव्हणा असो नाहीतर पोस्टमन. शेजारची जानकी म्हणायची, "तुज्या घराकडे येवचां म्हणजे देवळात येवचां." समुद्राची गाज स्वयंपाकघरात ऐकू यायची, पण तिने पाण्यात पाऊल म्हणून टाकलं नव्हतं.

मागच्या पंधरवड्यात एका टाकीतली पिल्लं रोगाने मेली. गौरेशने टाक्या धुवायला सांगितल्या. कमलाक्षीला तेवढ्याने चैन पडेना. कुणी न सांगता तिने मूळ बाटलीलाही टाकीतल्या रोगाचं औषध दिलं, त्या औषध दिलेल्या शेवाळाचंच विरजण सगळीकडे लावलं आणि जुन्या बाटल्या ओतून टाकल्या. आता एकेक बाटली पांढरी पडत होती. पिल्लांचं दोन-चार दिवस विकतच्या पावडरीवर भागलं असतं. पण गोकुळदासच्या हातचं म्हणून जगात एवढं एकच उरलं होतं, आणि ते तिच्या डोळ्यांदेखत चाललं होतं.

दुपारी कारापूरच्या प्रयोगशाळेतली श्रद्धा आली. आठवड्यातून एकदा पाणी तपासायला यायची. सूक्ष्मदर्शकातून तिने बराच वेळ पाहिलं.

"काकी, तुमी हेका औषध घातलां?"

"घातलां. मगे? जंतू मारूक नाकात?"

"सगळे मेले, म्हणानच ही मरता." श्रद्धाने स्टूल ओढलं. "ह्या शेवाळाक जीवनसत्त्वां स्वताक करूक येनत नाय. तीं बॅक्टेरिया करतत. आपण बाटलेत नुसतां खत घालतो, जीवनसत्त्वां न्हय. शेवाळ तेंकां खावक देता, ते हेका जगयतत. आनी काय काय देतत, तां आमकांय अजून सगळां कळूक नाय."

"म्हणजे इतकी वर्सां ते हिच्या वांगडाच, ह्या बाटलेतच होते?"

"पयल्या दिसापासून. काकांनी पाणी हाडलां, तेतूरच आयले."

कमलाक्षी उठली, खिडकीशी गेली, परत आली. "जंतवांनी माजो घोव खाल्लो गो," ती म्हणाली.

"ते हे न्हय, काकी," श्रद्धा हळूच म्हणाली. "दर्याचां ताजां पाणी होया. उकळूचां नाय, औषध घालूचां नाय. त्याच जाग्यावरचां गावलां तर बरां."

गौरेश म्हणाला, "माणूस धाडतंय."

"नाका. मियांच वतंय."

सुरूच्या बनातून ती नदीच्या मुखाकडे भराभर चालली आणि पाण्यापाशी येऊन थांबली. ओहोटीने खडकांवरची कालवं उघडी पडली होती. दोनदा ती मागे फिरली. मग साडी खोचली आणि चपलांसकट आत शिरली. एक चप्पल चिखलाने ओढून घेतली, तशी दुसरी तिने काठावर भिरकावली. पाणी पोटऱ्यांना लागलं. तिला गोकुळदासची इतकी आठवण आली की बाटली बुडवायचं राहूनच गेलं. मग तिने ती भरली, टोपण लावलं आणि अनवाणी परत आली.

किडे-कचरा अडेल, जंतू तेवढे पार होतील अशा बारीक जाळीतून श्रद्धाने पाणी गाळलं. ते ओतताना मूळ बाटली मात्र कमलाक्षीने कुणाला धरू दिली नाही.

दुसऱ्या दिवशी काही नाही. त्यानंतरच्या सकाळी हॅचरीतली माणसं यायच्या आधीच ती जाऊन बसली. बाटली खिडकीत धरली. पाणी तांबूस होतं, अगदी पुसट, पण होतं. पदराने डोळे पुसले, मग त्याच पदराने बाटलीही पुसली.

संध्याकाळी जानकी बांगडे घेऊन आली आणि सवयीने नळाकडे वळली.

"रवांदी," कमलाक्षी म्हणाली. "तशीच ये."

जानकी घाबरली. "बरां आसा मां गो तुका?"

"ये म्हणतंय मां."

जानकीच्या पायांची वाळू ओटीपासून चुलीपर्यंत झाली. कमलाक्षीने फिनेलच्या बादलीतला फडका पिळला, थोडा वेळ हातात धरला आणि परत बादलीत टाकला.