बुरुलकानताईंचं उंच टेबल

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा की तुमच्या पाठीचा एक मणका तडकलाय. वाकता येत नाही, शिंकायचीसुद्धा भीती वाटते, आणि छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा आवळलेला आहे. अशा पाठीनं आता कचेरीत जायचं. आमच्या नारीन गावच्या पाटबंधारे कचेरीतल्या बुरुलकानताई वसंतात अशाच गेल्या होत्या.

हिवाळ्यात त्या कचेरीच्याच पायरीवर बर्फावरून घसरल्या होत्या. साहेबांनी तेव्हा तातडीनं उपाय केला. 'पायरी निसरडी आहे' अशी पाटी लावली. बर्फ तसाच राहिला.

डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "टेबल कोपराइतकं उंच हवं, कॉम्प्युटर डोळ्यांसमोर. जास्त वेळ उभं राहूनच काम करा, अधूनमधून कडक स्टुलावर टेका. मऊ खुर्चीत बसलात तर पाय बधिर होईल, मग माझ्याकडे येऊ नका." म्हणून ताईंच्या मुलानं टेबलाच्या पायांखाली लाकडी ठोकळे बसवून दिले.

ताई उभ्या राहिल्या. समोरच्या टेबलावरचा तरुण बाकित उठला. त्याच्या पलीकडची मुलगी उठली. बघता बघता अख्खी कचेरी उभी!

"अरे, तुम्हाला काय झालं? बसा की!"

"तुम्ही उभ्या, आणि आम्ही बसायचं?" बाकित म्हणाला. "आईला कळलं तर मला घरात घेईल का?"

वडीलधारं माणूस उभं असताना लहानांनी बसायचं नाही, हे आमच्याकडे दूध पिताना शिकवतात. आणि ताई तिथे सगळ्यांत मोठ्या. मग काय, बुटक्या टेबलांवर ओणवे होऊन सगळे कामाला लागले. दुपारच्या आत एका पाठीच्या जागी सगळ्या पाठी दुखायला लागल्या.

एसेनकुलसाहेब आले. सगळे उभे बघून त्यांची छाती फुगली. "बसा, बसा! माझा एवढा मान कशाला?" कुणी बसेना. ते आपल्या काचेच्या खोलीत जाऊन टेकले, तेव्हा कुठे त्यांना ताई दिसल्या. तेही ताईंपेक्षा लहानच. ताडकन उठले.

"ताई, असं कसं चालेल? पेरण्या तोंडावर आल्यात. कुठल्या गावाला कधी पाणी, त्या पाळ्या आज संध्याकाळपर्यंत लागल्याच पाहिजेत. झेपत नसेल तर सांगा. थाटात निरोप देऊ. चपान आणून ठेवलाय."

चपान म्हणजे जरीचा लांब अंगरखा. निरोपाच्या दिवशी तो खांद्यावर घालतात. एकदा अंगावर पडला, की उद्यापासून घरी.

"माझ्या मापाचा आणलात?" ताईंनी विचारलं.

"अगदी बरोब्बर!"

"टेबल माझ्या मापाचं देता आलं नाही, चपान बरा आला!"

"अहो, मानच करतोय तुमचा!"

"मान नको. ही नोकरी हवी. काम करू द्या."

"करा की! पण मानानं करा."

आणि त्यांनी स्वतःची चामड्याची खुर्ची आणवली, तिच्यावर गोधड्यांची चळत रचली, आणि ताईंच्या टेबलासकट दारासमोरच्या मानाच्या जागी मांडली. नाही म्हणणं म्हणजे अपमान. ताई बसल्या, आणि कणकेत बोट रुतावं तशा रुतल्या. हनुवटी टेबलाला लागली. थोड्या वेळानं पायाला मुंग्या आल्या, मग पाय आपला आहे की परका तेच कळेना. बाकितनं हात देऊन त्यांना ओढून काढलं.

"बघा," साहेब हळहळले, "झेपत नाही हो तुम्हाला."

ताईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात त्यांची नात मेरिम शाळेतून आली.

"आजी, हे सगळे उभे का?"

"माझ्या मानासाठी, बाळा."

मेरिमनं विचार केला. "पण घरी कणीक मळताना तू उभीच असतेस. तेव्हा तर कुणी उठत नाही. मामा तर लोळत असतो!"

ताईंना हसू आलं, आणि हसल्याबरोबर पाठीत कळ आली. मेरिमनं दप्तरातून स्वयंपाकाच्या तासाचा ॲप्रन काढला आणि आजीच्या पट्ट्यावरून बांधला. तो इतका लहान, की नाड्यांची गाठ कशीबशी बसली.

बाकितनं एकदा बघितलं आणि बसला. मग पलीकडची मुलगी. मग सगळे. हुश्श करून साहेबसुद्धा बसले. कुणी कुणाला विचारलं नाही. ॲप्रन बांधलेल्या बाईसाठी कुणी उठल्याचं मला तरी आठवत नाही.

ताई उभ्या राहिल्या, मध्ये स्टुलावर टेकल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. उन्हं कलायच्या आत शेवटच्या गावाची पाळी लागली. कागद साहेबांपुढे गेले. त्यांनी चूक शोधली. पुन्हा शोधली.

"बरं," ते म्हणाले. "चपान कपाटात ठेवा."

मग मान वर न करताच, डोळ्यांच्या कोपऱ्यातून नुसता ॲप्रन दिसला म्हणून असेल, ते म्हणाले, "अहो, जरा चहा आणा."

 ताईंनी तोंड उघडलं, पण मेरिम आधी पुढे झाली. तिनं साहेबांच्या टेबलावरचा चहाचा रिकामा वाडगा उचलला, मोठ्यांना देतात तसा दोन्ही हातांनी, अदबीनं साहेबांच्या हातात दिला, आणि किटली कुठे आहे ते बोटानं दाखवलं.